पाच लिटरचा एकच डबा: ३७०झेडच्या गिअर ऑईलचं प्रकरण

जानेवारीत आमच्या गॅरेजचं अंगण उसाच्या ट्रॅक्टरांनी भरलेलं असतं. गळीत हंगाम चालू असतो, त्यामुळे क्लच प्लेट, हायड्रॉलिकचे पाइप, ट्रॉलीचे बेअरिंग हीच कामं दिवसभर. त्या गर्दीत एका शनिवारी सकाळी निस्सान ३७०झेड ही स्पोर्ट्स कार आत आली. सर्व्हिस रोडचा गतिरोधक पोटाला लागू नये म्हणून मालक ती तिरपी करून, अगदी जीव मुठीत धरून आणत होते. मालक पस्तिशीच्या आतले. नोकरी पुण्यात, घर साताऱ्यात सदर बझारला, शनिवार-रविवार आईवडिलांकडे. गाडी तीन वर्षांपूर्वी जुनी घेतलेली, सहा गिअरची मॅन्युअल.

“काका, सकाळी दुसरा गिअर पडतच नाही,” ते म्हणाले. “रबरावर दांडा आदळल्यासारखं होतं. जोर लावला की जातो, घाई केली तर कर्र करतो. पाच-सहा किलोमीटर चालली की बरी होते. पण यवतेश्वरच्या घाटात तिसऱ्यावरून दुसरा टाकताना गरम गाडीलाही कधीकधी तोच आवाज येतो.”

आमच्याकडे येण्याआधी त्यांनी दोन ठिकाणी गाडी दाखवली होती. एका ठिकाणी सांगितलं, रेव्ह मॅचचा, म्हणजे खालचा गिअर टाकताना स्वतःहून रेस देणाऱ्या सोयीचा, सेन्सर गेलाय. दुसऱ्या ठिकाणी सांगितलं, गिअरबॉक्स उतरवायचा, सगळ्या सिंक्रो रिंगा (गिअर पडताना वेग जुळवणाऱ्या कड्या) बदलायच्या, माल बाहेरून मागवावा लागेल, दीड-दोन महिने धरा. त्या दुसऱ्या सल्ल्याचा खर्च ऐकून ते गाडी विकायच्या विचारात होते. ते सांगताना त्यांचा हात गाडीच्या छतावर होता.

हे प्रकरण सविस्तर लिहितोय, कारण यात चूक करणाऱ्याने कुठेही हलकं सामान वापरलेलं नव्हतं. महागाचं, नव्या डब्यातलं तेल घातलं होतं. फक्त ते चुकीच्या पेटीत गेलं होतं.

आधी काय बाद केलं

गिअर अडकतो म्हटलं की चार जागा संशयाच्या असतात: दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंतची जोडणी, क्लच, सिंक्रो रिंग आणि तेल. गिअरबॉक्स उतरवण्याआधी या चारही जागा पाने न लावता बऱ्यापैकी तपासता येतात. आम्ही तेच केलं.

इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून बघितले. दांडा लोण्यातून फिरल्यासारखा फिरला, दुसऱ्यातसुद्धा. म्हणजे दांडा, बुश, जोडणी ठीक.

मग गाडी लिफ्टवर घेतली, मागची चाकं अधांतरी. इंजिन चालू, क्लच पूर्ण दाबलेला, पहिला गिअर टाकलेला. क्लच नीट सुटत नसेल तर अशा वेळी चाकं हळूहळू फिरायला लागतात. ती जागची हलली नाहीत. क्लचही सुटला.

तिसरी तपासणी रस्त्यावरची, आणि मला सगळ्यात जास्त सांगून जाणारी. जुने ट्रक ड्रायव्हर मारायचे तसा डबल क्लच. पहिल्यावरून न्यूट्रल, क्लच सोडायचा, पुन्हा दाबायचा आणि मग दुसरा टाकायचा. तिसऱ्यावरून दुसऱ्यावर येताना न्यूट्रलमध्ये क्लच सोडून थोडं रेस द्यायचं. मालकांना हे जमत नव्हतं म्हणून मी चालवली. दुसरा गिअर प्रत्येक वेळी काही न बोलता गेला. डबल क्लच मारताना शाफ्टचा वेग आपण स्वतः जुळवून देतो, सिंक्रोला काम उरत नाही. तेव्हा गिअर गुपचूप जातो आणि साध्या पद्धतीने टाकला की अडतो, याचा अर्थ वेग जुळवण्याचं काम नीट होत नाहीये. दोष सिंक्रोच्या भोवतीच आहे.

रेव्ह मॅचबद्दल इथेच बोलून टाकतो, कारण गाडीवाल्यांमध्ये त्याविषयी मोठा गैरसमज दिसतो. ३७०झेड २००९च्या मॉडेलची म्हणून बाजारात आली तेव्हा मॅन्युअल गाडीत स्वतःहून रेस देणारी ही सोय जगात पहिली असल्याचं निस्सानने सांगितलं होतं. तुम्ही खालचा गिअर टाकता आणि संगणक इंजिनाचे फेरे बरोबर तेवढे वाढवतो, म्हणून क्लच सोडताना झटका बसत नाही. पण क्लच दाबलेला असतो तेव्हा इंजिन एकीकडे आणि गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट दुसरीकडे. इंजिनाने कितीही रेस घेतली तरी ती त्या शाफ्टपर्यंत पोचत नाही. शाफ्टचा वेग जुळवायचा तो सिंक्रो रिंगेनेच. त्यामुळे रेव्ह मॅच बिघडला तर क्लच सोडताना झटका येईल, दांडा अडणार नाही. बटण दाबून सोय चालू ठेवून पाहिली, बंद करून पाहिली. दांड्याला काही फरक पडला नाही. सेन्सरवरचा आळ गेला.

दुसराच गिअर का, हा मालकांचा प्रश्न रास्त होता. या गिअरबॉक्सचं पहिल्या गिअरचं गुणोत्तर ३.७९४ आणि दुसऱ्याचं २.३२४ आहे. पहिल्यात इंजिन मिनिटाला ४००० फेऱ्यांवर असताना दुसरा टाकला तर इनपुट शाफ्टला ४००० वरून साधारण २४५० वर यावं लागतं. दीड हजारांहून जास्त फेरे, तेही डोळ्याची पापणी लवते तेवढ्या वेळात, एका रिंगेच्या घासण्यावर. तिसऱ्याचं गुणोत्तर १.६२४, चौथ्याचं १.२७१, पाचव्याचं १ आणि सहाव्याचं ०.७९४. पुढच्या प्रत्येक गिअरला ही उडी लहान होत जाते. सगळ्यात मोठं ओझं दुसऱ्याच्या रिंगेवर, म्हणून तक्रारही आधी तिथूनच येते.

बिलावरची एक ओळ

इथपर्यंत आल्यावर पुढचा प्रश्न एकच: रिंग झिजली, की रिंगेला काम करू न देणारं काहीतरी पेटीत आहे? मी मालकांना विचारलं, हा त्रास कधीपासून?

“डिसेंबरपासून जाणवतोय.”

“त्याआधी गिअरबॉक्सला कुणी हात लावला होता?”

“नाही. मेमध्ये सर्व्हिसिंगला सगळी ऑईलं बदलली, तेवढंच. पण तेव्हा काहीच त्रास नव्हता.”

बिल गाडीच्या खणातच होतं. गॅरेज मोठ्या शहरातलं, बिल छापील, नीटनेटकं. इंजिन ऑईल, फिल्टर, ब्रेक ऑईल, आणि एक ओळ: गिअर ऑईल ८०डब्ल्यू-९०, जीएल-५, ५ लिटर.

मी ती ओळ दोनदा वाचली. या गाडीच्या गिअरबॉक्सला तीन लिटरला थोडं कमी तेल लागतं. मागच्या डिफरन्शिअलला, म्हणजे मागच्या चाकांना फिरवणाऱ्या गिअरच्या पेटीला, साधारण दीड लिटर. दोन्ही मिळून पाच लिटरच्या डब्यात आरामात बसतं. बिलावर गिअर ऑईलचा दुसरा डबा नाही. म्हणजे एकच डबा उघडला आणि दोन्हीकडे ओतला. जीएल म्हणजे गिअर ऑईलचा वर्ग. डिफरन्शिअलला जीएल-५ लागतंच. गिअरबॉक्सला मात्र निस्सानच्या पुस्तकात ७५डब्ल्यू-८५, जीएल-४ लिहिलंय.

मेमध्ये ते कळलं नाही, कारण मेमधलं पुणं. सकाळीसुद्धा पेटी कोमट. साताऱ्यात डिसेंबर-जानेवारीची सकाळ आली तेव्हा जे आत सात महिने होतं ते बाहेर दिसलं. सर्व्हिसिंग आणि त्रास यांच्यात एवढं अंतर पडल्यामुळे कुणालाच दोघांचा संबंध लागला नाही.

जास्त ताकदीचं तेल का अडतं

आमच्या धंद्यात “नव्वद नंबर” हा शब्द इतका रुळलाय की टेम्पो असो, ट्रॅक्टर असो, जीप असो, गिअरचं तेल म्हणजे नव्वद नंबर. आणि डब्यावर चारपेक्षा पाचचा आकडा दिसला की गिऱ्हाइकालाही वाटतं, पाच म्हणजे वरचं. माझ्या हाताखालचा पोरगासुद्धा हेच म्हणाला. त्याला समजावताना मी जे सांगितलं ते इथे मांडतो.

डिफरन्शिअलमध्ये पिनियन हा छोटा गिअर क्राउन या मोठ्या गिअरच्या मध्यावर बसत नाही, जरा खाली बसतो. त्यामुळे दात एकमेकांवर नुसते फिरत नाहीत, दाबाखाली घसरतात. त्या घसरण्यात साधी तेलाची फिल्म फाटते आणि लोखंड लोखंडाला खातं. ते होऊ नये म्हणून तेलात गंधक आणि फॉस्फरस असलेली रसायनं घालतात. दाब आणि उष्णता वाढली की ती दातावर पातळ थर धरतात. जीएल-५ हा वर्ग अशाच हायपॉइड दातांसाठी आहे. जीएल-४ मध्ये ही रसायनं साधारण निम्मी असतात.

गिअरबॉक्समधले दात तिरके, एकमेकांत कायम गुंतलेले. त्यांना तेवढ्या रसायनाची गरज नाही. पण त्याच पेटीत सिंक्रो रिंग बसलेली असते आणि तिचं काम उलटं आहे. बाकी सगळ्या भागांना तेलाने निसटायला मदत करायची, रिंगेला मात्र गिअरच्या कोनावर, म्हणजे शंकूसारख्या निमुळत्या भागावर, घट्ट पकडू द्यायचं. रिंगेच्या आतल्या अंगाला बारीक आटे असतात. दांडा पुढे रेटला की हे आटे कोनावरचं तेल कापून बाजूला सारतात, रिंग कोनाला चिकटते, घासून वेग जुळतो आणि मगच स्लीव्ह, म्हणजे गिअर जोडणारं सरकतं कडं, पुढे सरकतो. तेल जाड असलं तर ते कापून बाहेर जायला वेळ लागतो. तेलातल्या रसायनाने घर्षण कमी केलं तर रिंग कोनावरून घसरत राहते. वेग जुळेपर्यंत रिंग स्लीव्हला अडवते, तेच मालकांना रबरासारखं वाटत होतं. घाई करून रेटलं की स्लीव्हचे दात न जुळलेल्या दातांवर आदळतात. तो कर्र.

दुसरा मुद्दा पितळेचा. अनेक गिअरबॉक्समध्ये या रिंगा पितळेच्या असतात आणि गरम तेलातलं सक्रिय गंधक तांब्याला काळं करतं. तेल कंपन्या यासाठी तांब्याची पट्टी गरम तेलात ठेवून तिचा रंग बघण्याची परीक्षा घेतात. आजकालची चांगली जीएल-५ तेलं या परीक्षेत पूर्वीसारखी नापास होत नाहीत, त्यामुळे “जीएल-५ घातलं की पितळ विरघळलंच” असं मी कुणाला घाबरवून सांगत नाही. माझा अनुभव असा की आधी त्रास होतो तो घसरण्याचा. घसरणाऱ्या रिंगेला रोज रेटत राहिलं की मग ती झिजते.

आणि आकड्यांचं. गिअर ऑईलचे आकडे इंजिन ऑईलच्या आकड्यांशी लावायचे नसतात, ही मोजपट्टीच वेगळी. १०० अंश सेल्सिअसला ८५ नंबरचं तेल ११ ते १३.५ सेंटिस्टोक आणि ९० नंबरचं १३.५ ते १८.५ सेंटिस्टोक जाड असतं; सेंटिस्टोक हे तेलाची जाडी मोजायचं माप. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीचा. ७५डब्ल्यूची परीक्षा उणे ४० अंशांवर, ८०डब्ल्यूची उणे २६ वर. साताऱ्यात बर्फ पडत नाही, मग थंडीच्या आकड्याचं काय घेऊन बसलात, असं एक जण मला म्हणाले होते. पण उणे ४० ला वाहू शकणारं तेल १३ अंशांनाही दुसऱ्यापेक्षा सैल असतं. त्या शनिवारी सकाळी अंगणातल्या थर्मामीटरवर १३ अंशच होते. आणि ज्या साध्या नव्वद नंबरला डब्ल्यूच नसतो, त्याच्या थंडीतल्या जाडीची हमी डब्यावर कुणी दिलेलीच नसते.

मालकांना मी स्पष्ट सांगितलं: तेल बदलून बघू. सात महिन्यांत रिंग किती गेली ते तेलात दिसेल. झिजलेली रिंग तेलाने भरून येत नाही. पण गिअरबॉक्स उतरवायच्या आधी तीन लिटर तेलाचा खर्च करून बघण्यात शहाणपण आहे.

तेल मिळणं हेच एक काम झालं. पोवई नाक्याच्या आसपासच्या दुकानांत ८०डब्ल्यू-९० चे डबे रांगेने, जीएल-४ सुद्धा मिळालं, पण ७५डब्ल्यू-८५ कुणाकडे नाही. एका दुकानदाराने “तेच आहे हो, पाचचा फरक” म्हणून ९० पुढे केलं. मी घेतलं नाही. पुण्याहून मागवलं, चार दिवस गेले. निस्सानचंच हवं असा हट्ट नव्हता, डब्यावर जीएल-४ आणि ७५डब्ल्यू-८५ स्पष्ट हवं होतं. काही डब्यांवर “जीएल-४/जीएल-५” असं दोन्ही छापलेलं असतं, ते मी सिंक्रोच्या पेटीसाठी घेत नाही. एकेक लिटरचे सहा डबे मागवले, का ते पुढे येईल.

तेल काढताना

पुढच्या शनिवारी काम धरलं. गाडी आधी महामार्गावर दहा-बारा किलोमीटर फिरवून आणली, तेल कोमट होऊन गाळासकट खाली यावं म्हणून. मग अर्धा तास थांबलो, कारण प्लगपर्यंत हात एक्झॉस्टच्या पाइपाजवळून न्यावा लागतो आणि तापलेला पाइप मनगटाची सालटी काढतो. लिफ्टचे हात पोटाखाली जायला जागा नव्हती, म्हणून चारही चाकांखाली आधी फळ्या सरकवल्या. जॅकवर हे काम करायचं असेल तर चारही कोपरे सारखे उचलून घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) ठेवायचे. पुढून उचललेल्या गाडीत पातळी कधीच बरोबर कळत नाही.

पोरगा अॅलन कीचा षटकोनी बिट घेऊन खालच्या प्लगकडे गेला. त्याला थांबवलं. आधी वरचा, भरायचा प्लग. हा नियम मी हाताखालच्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी सांगतो. खालचा उघडून तेल सांडलं आणि मग वरचा जाम निघाला, किंवा त्याचं भोक घसरून गोल झालं, तर गाडी रिकाम्या पेटीने लिफ्टवर अडकते. वरचा प्लग थोडा घट्ट होता. बिट पूर्ण आत ठोकून बसवला आणि लांब टॉमीने एकदाच दाबला, सुटला. भोकात करंगळी घातली, तेल काठाला लागलेलं होतं. पातळी बरोबर होती, म्हणजे कमी तेलाचा मुद्दाही बाद.

खालचा प्लग काढला. खाली आम्ही पांढरा प्लास्टिकचा टब ठेवला होता, आंघोळीला असतो तसला. काळ्या ट्रेमध्ये तेल काही सांगत नाही. पांढऱ्यात सगळं दिसतं. तेल मधाच्या रंगापेक्षा गडद, कडवट वासाचं. गंधकाचा वास होता, पण जीएल-४ लाही थोडा असतोच, त्यामुळे वासावर निकाल देत नाही. धार थेंबांवर आल्यावर टब उचलून अंगणात उन्हात नेला. अजिंक्यताऱ्यावरून ऊन नुकतंच खाली उतरलं होतं.

टब हळूच कलता केला आणि तेलाच्या पोटात सोन्याच्या वर्खासारखी बारीक चमक फिरली. कण म्हणावेत असं बोटाला काही लागत नव्हतं, पण ऊन पडलं की चमक येत होती आणि सावली पडली की जात होती. जुन्या स्पीकरचं चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घालून मी तेलातून फिरवलं. पिशवीवर राखाडी लेप आला, काजळासारखा मऊ. पिशवीवरून बोट फिरवलं तर टोचलं काही नाही. लोखंडाचा असा मऊ लेप प्रत्येक चालत्या गिअरबॉक्सला येतो. टोचणारा तुकडा, तुटलेल्या दाताची किरच आली असती तर मी तिथेच काम थांबवलं असतं. चुंबकाला न लागलेली सोनेरी चमक टबात तशीच राहिली. ती पितळेची.

मालक शेजारी उभे होते. “हे वाईट आहे का काका?”

“रिंग घासलीय. संपलेली नाही.” एवढंच सांगू शकत होतो आणि तेवढंच सांगितलं.

इथे आमच्या जुन्या मिस्त्रींचं आणि माझं थोडं वाजलं. त्यांचं म्हणणं, “आत जुनं तेल राहतंय, एक लिटर डिझेल घालून दोन मिनिटं फिरवू, लई वर्षं आपण असंच करतोय.” मिस्त्रींचा हात माझ्यापेक्षा जुना आहे आणि मी त्यांचा मान ठेवतो. पण हे मी होऊ दिलं नाही. डिझेल बेअरिंगच्या खोबणीत आणि पेटीच्या कोपऱ्यांत राहतं आणि नवं तेल पातळ करतं. शिवाय ती दोन मिनिटं सगळे दात डिझेलवर फिरतात. जुनं तेल धुवायचं तर नव्या तेलानेच धुवायचं: आता भरायचं, काही शे किलोमीटर चालवायचं, पुन्हा काढायचं. सहा डबे त्यासाठीच होते. खर्च वाढतो हे मालकांना आधीच सांगितलं होतं, ते लगेच हो म्हणाले.

तेल चांगलं अर्धा तास ठिबकू दिलं. दोन्ही प्लगचे आटे फडक्याने कोरडे केले, सीलंट लावलं, खालचा प्लग पुस्तकातल्या टॉर्कला बसवला. अॅल्युमिनियमच्या पेटीत हाताच्या अंदाजाने घट्ट करणं मी सोडून दिलंय, आटे गेले की मोठं काम निघतं. मग हातपंपाने वरच्या भोकातून तेल. शेवटचा पाव लिटर सावकाश, भोकातून बारीक धार ओघळेपर्यंत. धार थांबून थेंब पडायला लागल्यावर वरचा प्लग.

क्लचचं ऑईलही काळं झालं होतं. ते त्या दिवशी मुद्दाम बदललं नाही. दोन्ही एकदम बदललं असतं तर फरक कशाने पडला ते कळलं नसतं. डिफरन्शिअललाही हात लावला नाही, तिथे जीएल-५ च हवं आणि तेच होतं. पुस्तकातला ७५डब्ल्यू-९० चा आकडा पुढच्या सर्व्हिसिंगला पाळू.

जुनं तेल वापरलेल्या तेलाच्या बॅरलमध्ये गेलं. ते परवानाधारकालाच द्यावं लागतं. आमच्या भागातलं गटार शेवटी वेण्णेला मिळतं आणि वेण्णा संगम माहुलीला कृष्णेला. एवढं ध्यानात ठेवलं तरी पुरे आहे.

नंतरच्या सकाळी

गाडी रात्रभर गॅरेजमध्येच ठेवून घेतली. रविवारी सकाळी सात वाजता थर्मामीटर १४ वर. तोच सर्व्हिस रोड, तसंच थंड इंजिन, पहिल्यावरून दुसरा ३००० फेऱ्यांवर, दहा वेळा. गाडी पहिल्यांदा आली त्या शनिवारी याच पद्धतीने मोजलं होतं तेव्हा दहापैकी सात वेळा अडला होता आणि दोनदा कर्र केलं होतं. आता तीनदा अडला, आवाज एकदाही नाही. अडणंही वेगळं होतं. आधी दांड्यावर तळवा रोवावा लागत होता, आता दोन बोटं क्षणभर थांबत होती आणि गिअर आत जात होता.

मालकांनी समर्थ मंदिराकडून यवतेश्वर घाट चढवला, मी शेजारी. वळणावर तिसऱ्यावरून दुसरा: ३००० फेऱ्यांवर टाकला तर शाफ्टला ४३०० च्या आसपास चढावं लागतं. पहिल्या चार वळणांना गिअर नुसता गेला. पाचव्याला त्यांनी मुद्दाम उशिरा, चढ्या वेगात, झटक्यात टाकला आणि दांड्याला हलकी खरखर लागली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, ही रिंगेची, ही तेलाने जाणार नाही. ते काही वेळ गप्प होते. मग पुढची वळणं त्यांनी अर्धा क्षण थांबून घेतली आणि एकदाही आवाज आला नाही.

तीन आठवडे ते पुणे-सातारा करत राहिले, खंबाटकीतून. साडेसहाशे किलोमीटर झाल्यावर पुन्हा लिफ्टवर घेतली, पुन्हा पांढरा टब. या वेळी चमक होती, पण ती शोधावी लागत होती. टब दोन-तीनदा कलता केल्यावर कुठे एक रेघ दिसायची. दुसरं तेल भरलं. त्यानंतर क्लचचं ऑईल बदललं. पेडल किंचित हलकं झालं, गिअरच्या वागण्यात फरक नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी १२ अंश होते. दहापैकी एकदा अडला.

गिअरबॉक्स आत्ता उतरवायचा नाही असं आम्ही दोघांनी मिळून ठरवलं. या गाडीत क्लच प्लेट बदलायची वेळ आली की गिअरबॉक्स तसाही खाली येणार. तेव्हा पेटी उघडून दुसऱ्याची रिंग आणि स्लीव्हचे दात डोळ्यांनी बघायचे, लागलं तर बदलायचे. रिंगेची चौकशी आतापासूनच करून ठेवायला सांगितली, म्हणजे त्या वेळी गाडी दोन महिने उभी राहणार नाही. तोपर्यंत थंड गाडीत पहिले दोन-तीन किलोमीटर २५०० फेऱ्यांच्या आत गिअर बदलायचे आणि चढ्या वेगात दुसरा झटक्यात टाकायचा नाही.

जाताना त्यांनी मेचं ते बिल परत खणात ठेवलं. मी ते मागून घेतलं आणि गिअर ऑईलच्या ओळीशेजारी पेनाने लिहिलं: फक्त डिफरन्शिअल. खाली दुसरी ओळ: गिअरबॉक्स ७५डब्ल्यू-८५, जीएल-४, आणि तारीख. मग एक पत्र्याची चकती घेतली, आम्ही ट्रॅक्टरच्या किल्ल्यांना लावतो तसली. तेच आकडे तिच्यावर ठोकून ती बॉनेटखाली तारेने बांधली, उघडणाऱ्याला पहिल्यांदा दिसेल अशी.